उशिरा उघडणारी मूठ

भाऊ,

तुला घरी आणलं तेव्हा तुझी उजवी मूठ मिटलेली होती. वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दुपारचा डबा खाऊन तू रोजच्यासारखा बाजेवर आडवा झालास, आणि चहा घेऊन आलेल्या माणसाने हाक मारली तेव्हा उठला नाहीस. दवाखाना, कागदपत्रं सगळं होऊन घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात शरीर लवकर ताठरतं. वस्तीतली माणसं तुला आंघोळ घालून पांढरे कपडे चढवत होती. पाय सरळ झाले, हनुवटी बांधून झाली, पण मूठ उघडेना. एकाने जोर लावायला घेतला, तेव्हा तुझ्याबरोबर कबड्डी खेळलेल्या गजूभाऊंनी त्याला थांबवलं.

"राहू दे गा," ते म्हणाले. "चिमटा होता तो. आखरीपर्यंत पकड नाही सोडली त्यानं."

माना हलल्या. बायांमधून हुंदका आला. त्या खोलीत दुःखाच्या जोडीला अभिमानही होता, आणि मी तुझ्या पायाशी उभा राहून तो चालू दिला. मी, तुझा धाकटा भाऊ, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा. मेलेल्या माणसाची मूठ का आवळलेली राहते हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. तू जिवंत असतानाही तुझी मूठ वेळेवर का सुटत नसे, हेही मला माहीत होतं.

तुझ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं म्हटलं की तू म्हणायचास, सीझन होऊ दे. आता कुठलाच सीझन उरला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

बाबांपासून सुरुवात करतो, कारण ती मूठ आधी त्यांची होती. वाडीच्या गोदामांत पोती उचलून आलेले बाबा रविवारी अंगणात बसायचे, एक गोटी मुठीत धरायचे आणि आपल्या दोघांना म्हणायचे, उघडा. आपण लटकायचो, गुदगुल्या करायचो, एकदा तू त्यांच्या अंगठ्याला चावलाही होतास. मूठ उघडायची नाही. शेवटी आईने जेवायला हाक मारली की बाबा स्वतःच उघडायला घ्यायचे, आणि तेव्हाही ती चटकन उघडत नसे. एकेक बोट सावकाश सुटायचं, जणू प्रत्येकाला वेगळा निरोप धाडावा लागत होता. आपल्याला वाटे, बाबा नाटक करून राहिले. पुढे तू मोठा झालास आणि तुझीही मूठ तशीच झाली. आपल्या घरची पकड, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माझी मूठ आई दोन बोटांनी उघडायची. "याची मूठ म्हंजे उघडं दुकान," असं बाबा म्हणायचे, आणि सगळ्यात मोठ्याने तू हसायचास.

भाऊ, ते हसणं मला किती वर्षं टोचलं हे तुला कधी कळलं नसेल. मी अभ्यासाकडे वळलो त्यात हुशारीपेक्षा त्या उघड्या दुकानाचा वाटा जास्त होता.

शाळेत जाताना अमरावती रोड ओलांडावा लागे. दोन्हीकडून ट्रक. तू माझं मनगट धरून मला पलीकडे न्यायचास, आणि पलीकडे पोचल्यावरही हात तसाच धरलेला असायचा. माझे मित्र तिथे उभे असत. "सोड न बे," मी म्हणायचो. "थांब, सुटते," तू म्हणायचास. मी थांबायचो नाही. हिसका मारून हात काढून घ्यायचो आणि मनगटावर लाल वळ घेऊन वर्गात जाऊन बसायचो. तू मला लहान पोर समजतोस, चारचौघांत माझी शान घालवतोस, असं मला वाटायचं. मी हिसका मारल्यावर तू रस्त्याच्या कडेला उभा राहून तुझी बोटं दुसऱ्या हाताने उघडायचास. ते मला आज दिसतं. तेव्हाही दिसलं असणार, नाहीतर आज कुठून आठवलं असतं.

आणि सावनेरच्या संघाबरोबरचा तो सामना. त्यांचा चढाईचा पोरगा आत आला, तू खाली झेपावून त्याचा घोटा धरलास. शिट्टी वाजली. तो बाद झाला. बाकीचे उठले, कपडे झटकू लागले, आणि तू मातीत आडवा, त्याचा घोटा तुझ्या हातात. त्याने दुसऱ्या पायाने तुला ढकललं. त्यांचे सगळे धावून आले. तू मान वर करून म्हणालास, "सुटून नाही राह्यला बे." आपल्या बाजूची माणसं हसून हसून लोटपोट झाली, टाळ्या पडल्या, गजूभाऊंनी तुला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून तुझं नाव चिमटा पडलं.

तू खरं बोलला होतास. हात सुटत नव्हता. एवढ्या लोकांसमोर तू सरळ सांगितलंस आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाबा गेले तेही झोपेतच. पन्नाशीच्या आसपास. त्यांचीही मूठ मिटलेली होती, आणि तेव्हाही लोक हेच म्हणाले. मी तेव्हा नुकता एम.एस्सी. झालो होतो. स्नायूंवरचं प्रकरण माझं पाठ होतं. घरच्या मुठीपाशी मात्र माझं शिक्षण थांबत असे. ती मूठ आपल्या घराची इभ्रत होती, आणि इभ्रतीला कोणी भिंगाखाली धरत नाही.

तुला कॉलेजातला तो दिवस आठवतो का? आमच्या प्रयोगशाळेसाठी लोखंडी कपाटं आली होती, ती तुझ्याच गाडीवर. माणसं कपाटं उतरवत होती तोवर मी तुला आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याच्या पाण्यातला अमीबा दाखवला. तू डोळा लावलास आणि बराच वेळ काढला नाहीस. मी सांगत होतो की याला पाय नाहीत, हात नाहीत; अंगाचा एक भाग पुढे ढकलतो, तिथे टेकतो, मागचा भाग ओढून घेतो. आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे पुढच्या बाजूने वाढत जातात आणि मागच्या बाजूने सुटत जातात, त्यावर हे सगळं चालतं.

"हा तं आपल्या गोदामातल्या पांडूवाणी चालून राह्यला," तू म्हणालास. "काम दिसलं की अर्धा पुढं, अर्धा मांगंच."

मग तू तुझा तळहात पुढे केलास. ताडपत्रीच्या रस्सीने सोलवटलेला. ही जखम भरते ती कशी, असं विचारलंस. मी म्हणालो, अशीच. कडेच्या पेशी सरपटत मधे येतात आणि जागा भरतात. तेच प्रथिन. तू हाताकडे बघत म्हणालास, "म्हंजे इथंबी पांडूच," आणि आपण दोघं इतकं हसलो की शिपाई डोकावून गेला. भाऊ, मी इतकी वर्षं शिकवलं, पण माझ्या शिकवण्यावर तुझ्याएवढं खूश कोणी झालं नाही.

आपला वादही तेव्हाचाच. तू म्हणायचास, ताकद पकडायला लागते, सोडायला कसली लागते. मी म्हणायचो, उलट आहे. तुझ्या गोदामाच्या पायरीवर बसून आपण कितीदा भांडलो यावर. समोर माणसं ट्रकवर चढून ताडपत्रीची रस्सी आवळत असायची, आणि मी त्यांच्याकडे बोट करून सांगायचो. स्नायूच्या आत दोन तऱ्हेचे धागे असतात. बारीक धागा अ‍ॅक्टिनचा, जाड धागा मायोसिनचा. जाड धाग्याला छोटी छोटी डोकी असतात. डोकं बारीक धाग्याला पकडतं, मान मुरडून ओढतं, सोडतं, पुढे सरकून परत पकडतं. अशी लाखो डोकी आपापल्या वेळेला पकडतात आणि सोडतात, धागे एकमेकांवरून सरकतात, आणि तुझा दंड फुगतो. रस्सी ओढणारा माणूस हात बदलतो तसंच. एक हात सोडल्याशिवाय पुढचा हात टाकता येत नाही. आणि ते डोकं सोडतं कधी, तर इंधनाचा ताजा कण येऊन त्याला चिकटला की. तो कण आला नाही तर डोकं जिथे धरलंय तिथेच धरून राहतं.

"म्हंजे पकडून बसाले काही नाही लागत, अन् सोडाले डिझेल लागते?" तू म्हणायचास.

"हो."

"तुमच्या सायन्सचं काही खरं नाही बे."

त्या वादाचा निकाल तू लागू दिला नाहीस. मी कितीही समजावलं तरी शेवटी हसून उठायचास, आणि उठताना पायरीच्या कडेला धरलेला हात सुटेपर्यंत जागेवरच घुटमळायचास. मी ते बघत असे, आणि बोलत मात्र मायोसिनबद्दल असे.

मग तो हिवाळा आला. डिसेंबरची सकाळ, वहिनींनी तुला स्टीलच्या ग्लासात दूध दिलं. पिऊन झालं आणि तू ग्लास ठेवायला गेलास तर हात उघडेना. तू ग्लासासकट हात रजईखाली घेतलास, कोणाला दिसू नये म्हणून. मी समोर बसलो होतो. तेव्हा मी तुझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. कपाळावरून मागे गेलेले केस. खाली उतरलेल्या पापण्या. कमी वयात झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दुपारी जेवल्यावर लागणारी गाढ झोप, जिच्यावरून ऑफिसात तुझी थट्टा व्हायची. पुस्तकातलं पान माझ्यासमोर बसलं होतं आणि दूध पीत होतं.

वहिनी आत गेल्यावर मी तुला सांगितलं. हा स्नायूंचा आजार, वंशाने येतो, बाबांनाही असणार. पकडण्याचा हुकूम स्नायूवर विजेसारखा पोचतो आणि थांबतो. तुझ्या स्नायूत मात्र तो हुकूम शांत करणारी प्रथिनांची दारं नीट घडलेली नाहीत, त्यामुळे मेंदूने पुरे म्हटलं तरी हुकूम तिथल्या तिथे घुमत राहतो आणि डोकी पकडतच राहतात. मी ते चांगलं सांगितलं. तुला पटलं. तू रजईखालून हात बाहेर काढलास, एव्हाना तो सुटला होता, आणि त्याच्याकडे बघत राहिलास.

"म्हंजे हे पकड-बिकड काही नव्हतं," तू म्हणालास.

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुझ्या चेहऱ्यावरून एवढी मोठी गोष्ट उतरताना मी पाहिली. लहानपणभर ती मूठ घराची शान होती आणि माझी मूठ उघडं दुकान. आता मी तिला आजार म्हणत होतो. मला स्वतःचीच भीती वाटली, की आपण हे सूड म्हणून तर सांगत नाही ना. म्हणून पुढचं मी अगदी हलकं केलं. हृदयही स्नायूच आहे, त्यातल्या निरोपाच्या वाटाही यात बिघडतात, माणूस बसल्या जागी जाऊ शकतो, बाबा बहुधा असेच गेले, हे सगळं सांगायचं सोडून मी एवढंच म्हणालो की जमेल तेव्हा छातीची पट्टीही, म्हणजे ईसीजी, काढून ठेव. अभ्यासक्रम संपल्यावर मास्तर म्हणतात ना, वेळ मिळाला तर हेही वाचा. तसं.

तू पट्टीचं ऐकलंच नाहीस. तुझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. तू विचारलंस, "पोरीत येते का हे?"

मी म्हणालो, येऊ शकतं. तपासावं लागेल.

तू दाराकडे पाहिलंस. आतल्या खोलीत तुझी पनू फार्मसीची वही उघडून मोठ्याने पाठ करत होती. तू आवाज खाली आणलास. "तिचं लग्न होऊ दे पहिले. तोवर कोणाले बोलू नोको. तुले माही शपथ आहे मिल्या. लोकाइले कळलं तं पोरगी घरात राहीन."

मी हो म्हणालो. पट्टीचं काय, असं विचारल्यावर तू म्हणालास, संत्र्याचा सीझन होऊ दे. सीझन झाला. मग कापसाचा सुरू झाला. मी दर दिवाळीला आठवण करून द्यायचो आणि तू दर दिवाळीला हो म्हणायचास, आणि तुझा होकार घेऊन मी घरी यायचो, जणू माझं काम तेवढंच होतं.

मी तुझा धाकटा होतो म्हणून हट्ट केला नाही, असं मी गेले काही आठवडे स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकत नाही. धाकट्यांनीच तर हट्ट करायचा असतो. दुसरीही एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जातंय. माझा हात उघडतो. चटकन उघडतो. बाबांच्या दोन पोरांपैकी एकाला ते मिळालं आणि एकाला नाही. ज्या गोष्टीसाठी लहानपणी मला लाज वाटायची तिनेच मला वाचवलं, आणि तुला तोंडावर हे सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग तुझ्या फोटोपुढे एकेकाने मेणबत्ती लावायची होती. वहिनींनंतर पनू उठली. तिने मेणबत्ती पेटवली, फोटोपुढच्या ताटलीत दोन थेंब मेण पाडलं, त्यावर मेणबत्ती टेकवली, आणि तशीच वाकून राहिली. माणसं थांबली. मेण ओघळून तिच्या बोटांवर आलं. ती हलली नाही. कोणीतरी म्हणालं, पोरीचा जीव सुटत नाही बापापासून. बाया रडायला लागल्या. वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, "सोड वं बेटा." आणि मागून गजूभाऊंचा आवाज आला, अगदी मायेने, की बापाचीच पकड आहे.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिथे रडणं नव्हतं. खालचा ओठ दाताखाली धरून ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती, जसं कोणी ऐकत नसलेल्या जनावराकडे बघावं तशी. तिला भाजत होतं.

मी जाऊन मेणबत्तीवर फुंकर मारली. तेवढं मला सुचलं. शोकसभेत मेणबत्ती विझवली म्हणून दोन-चार जणांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी तिचा हात माझ्या हातात धरला, मेणबत्तीसकट, आणि ओढलं नाही. एकेक बोट सुटलं. बाबांच्या गोटीसारखं.

भाऊ, तुझी शपथ मी त्या दुपारी मोडली.

पाहुणे पांगल्यावर मी वहिनींना समोर बसवून सांगितलं. या वेळी हलकं केलं नाही. हाताचं आधी सांगितलं, मग हृदयाचं, मग बाबांचं आणि तुझं. वहिनी ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मला वाटलं, त्या लग्नाचं विचारतील. त्यांनी विचारलंही, पण नंतर. आधी त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले तवापासून मालूम होतं?"

मी हो म्हणालो.

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी नेलं असतं न त्याइले. हात धरून नेलं असतं."

तुझी शपथ होती असं मी म्हणालो, आणि म्हणतानाच ते किती तोकडं आहे हे कळलं. त्या मुठीबद्दलचं खरं मी फक्त तुझ्याशी बोललो होतो. जिने तुला खरोखर ओढत नेलं असतं तिच्याशी तेवढं बोललो नव्हतो.

मग त्या लग्नाचं बोलल्या. कळलं तर कोण करेल तिच्याशी, निदान वर्षभर थांबू, घरात आत्ताच एक झालंय. त्यांचं बोलणं मला परकं वाटलं नाही. तुझंच होतं ते. मी पुन्हा हो म्हणेन की काय, अशी मला भीती वाटली.

पनू दारात उभी होती. बोटांना बर्नॉल लावलेलं. ती म्हणाली, "काका, हात माहा आहे. आईले कायले सांगून राह्यले? मले सांगा न."

म्हणून मी तिला सांगितलं. रस्सी, हात बदलणारी माणसं, सोडायला लागणारं डिझेल. तुझेच शब्द वापरले, कारण माझ्या शब्दांपेक्षा ते चांगले होते. सगळं ऐकून तिने विचारलं की तिच्या बाबांना, म्हणजे तुला, तिच्याबद्दल माहीत होतं का. मी सांगितलं, शंका होती. ती म्हणाली, तरीच बाबा लोणच्याची बरणी तिला कधी उघडू देत नसत. झाकण घट्ट आहे म्हणून प्रत्येक वेळी स्वतः उघडून द्यायचे, आणि मग स्वतःच हात अडकवून बसायचे. दोघं ओट्यापाशी उभे राहून हसायचे.

हे मला माहीत नव्हतं, भाऊ. मला वाटलं होतं की त्या सकाळनंतर तू सगळं झटकून टाकलंस.

चार दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो. वहिनी आल्या नाहीत, पण डबा करून दिला. पट्टी काढणारी बाई घाईत होती. तिने पनूला आडवं केलं, चिमटे लावले आणि हात सैल सोड म्हणाली. पनूने पलंगाची दांडी धरली होती. घाबरून धरली असेल, पण आता तिला ती सोडवेना. बाई दुसऱ्यांदा म्हणाली, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा तिने तो हात ओढायला घेतला.

"ओढू नका," मी म्हणालो. "सुटतो तो. थांबा."

बाईने माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, आणि थांबली. पंखा फिरत होता. पनू छताकडे बघत होती. बोटं सुटली.

डॉक्टरांनी पट्टी दोनदा पाहिली. हृदयातला निरोप थोडा हळू पोचतोय, म्हणाले. आज घाबरण्यासारखं नाही, पण दिवसभराची नोंद घेणारं यंत्र लावू, रक्ताची तपासणी करू, आणि यापुढे दरवर्षी हे बघायचं. गरज पडली तर वेळेवर छोटं यंत्र बसवता येतं. वेळेवर, हा शब्द त्यांनी सहज वापरला. मग त्यांनी विचारलं, वडिलांची अशी पट्टी कधी काढली होती का. मी नाही म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

बाहेर बाकावर बसून आम्ही वहिनींचा डबा खाल्ला. पनूने बोटांवरचं बँडेज काढून दाखवलं. भाजल्या जागेच्या कडेने गुलाबी कातडं आत सरकत होतं. ती म्हणाली, हे कोण करतंय. मी म्हणालो, पांडू. तिला कळेना, म्हणून तिला तो सूक्ष्मदर्शकाचा दिवस सांगितला, तू काय म्हणाला होतास ते सांगितलं. ती तुझ्यासारखीच हसते, मोठ्याने, आजूबाजूला न बघता. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली असावी.

आपला वाद मात्र मी तुझ्याशी पुढे चालू ठेवणार आहे. आम्ही तुला उघड्या मुठीने निरोप द्यायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं. पण त्या संध्याकाळी तुझ्यात डिझेल उरलं नव्हतं आणि माझ्यात असूनही मी ते बोलण्यासाठी वापरलं नाही. गजूभाऊंना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझ्या नावाने कबड्डीचे सामने भरवणार आहेत आणि फलकावर मिटलेली मूठ काढणार आहेत. त्यांना एक दिवस घरी बोलावून सांगेन. पनूने परवानगी दिली आहे. ती म्हणाली, फलक राहू द्या, पण त्यांना सांगा.

परत येताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. अमरावती रोडला ट्रकांची रांग होती, नेहमीसारखी. गर्दीत शिरताना तिने माझा खांदा धरला. रस्ताभर ती पकड शर्टातून जाणवत होती, आणि ती घट्ट होती, भाऊ. तुझ्या घराशी आलो. वहिनी दारात उभ्या होत्या, आमच्या चेहऱ्यांवरून काही कळतं का ते बघत. मी पाय टेकवले आणि उतरायला निघालो, तेव्हा मागून ती हळूच म्हणाली, "काका, थांबा. सुटते."

मी स्कूटर बंद केली आणि बसून राहिलो.